बुडालेल्या कवचाचा हिशेब: चापाच्या लाव्ह्यातून प्रावरणातला बदल कसा मोजावा

महासागरी भूपट्ट खंदकात बुडतो (यालाच सबडक्शन म्हणतात) आणि त्याच्या पाठीवर, साधारण शंभर किलोमीटर वर, ज्वालामुखींची रांग म्हणजे चाप उभा राहतो. त्यांचा लाव्हा म्हणजे वितळलेला स्लॅब, म्हणजे तो बुडणारा पट्ट, नव्हे, हे सुरुवातीलाच पक्कं करून घ्यावं. बहुतेक चापांमध्ये वितळते ती स्लॅब आणि वरचं कवच यांच्यात सापडलेली प्रावरणाची पाचर. स्लॅब तिला पाणी पुरवतो आणि पाण्याबरोबर काही निवडक मूलद्रव्यं. कोरडं पेरिडोटाइट, म्हणजे प्रावरणाचा खडक, शंभर किलोमीटर खोलीवर १४०० अंश सेल्सिअस ओलांडल्याशिवाय वितळत नाही, पण पाणी मिळालं की शेकडो अंश आधीच वितळू लागतं. कटकावरच्या म्हणजे मध्यसागरी पर्वतरांगेवरच्या बेसॉल्टमध्ये पाणी टक्क्याच्या काही दशांशांइतकंच असतं. चापाच्या बेसॉल्टमध्ये ते सरासरी चार टक्क्यांच्या आसपास भरतं.

स्लॅबने पाचरीला नेमकं काय दिलं, किती दिलं आणि कोणत्या रूपात दिलं, हे लाव्ह्याच्या रसायनातून कसं काढायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. उदाहरण मुख्यतः पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना चापाचं घेतलं आहे. तिथे वरचं कवच पातळ आणि महासागरी आहे, त्यामुळे खंडीय कवचाची भेसळ मध्ये येत नाही. शिवाय खाली जाणाऱ्या पट्टात थेट भोकं पाडून नमुने काढलेले आहेत.

आधी जमेची बाजू: खाली काय जातं

बरेच अभ्यास थेट लाव्ह्यापासून सुरू होतात आणि तिथेच चुकतात. आत काय गेलं हे माहीत नसेल तर बाहेर आलेल्या आकड्यांना अर्थ नसतो. म्हणून चाप निवडला की पहिलं काम म्हणजे त्याच्या खंदकासमोरच्या खोदकामाचे अहवाल काढणं. मारियानासाठी हे ठिकाण आहे साइट ८०१. इथलं कवच ज्युरासिक काळातलं, सुमारे १७ कोटी वर्षांचं आहे. १९८९-९० मधल्या लेग १२९ या सागरी खोदकाम मोहिमेत इथे खोदकाम झालं आणि १९९९ मध्ये लेग १८५ ने ते भोक बेसॉल्टमध्ये आणखी खोल नेलं.

यादीत तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडा. पहिली म्हणजे गाळ. मारियानासमोर तो पाचशे मीटरच्या आत-बाहेर आहे: खोल समुद्रातली चिकणमाती, चर्ट आणि जुन्या सागरी पर्वतांवरून घसरून आलेला ज्वालामुखीजन्य गाळ. दुसरी गोष्ट म्हणजे समुद्राच्या पाण्याने मुरलेला वरचा काही शे मीटर बेसॉल्ट. थंड पाणी भेगांतून फिरताना या थरात पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम, बोरॉन आणि युरेनियम साठत जातं. आजच्या समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम-८७/८६ हे गुणोत्तर ०.७०९२ आहे, ताज्या कटक-बेसॉल्टमध्ये ते ०.७०२५ ते ०.७०३० असतं, पाणी मुरलं की बेसॉल्टचा आकडा वर सरकतो. तिसरी गोष्ट म्हणजे खालचे डाइक (भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती), गॅब्रो (खोलवर सावकाश गोठलेला खडक) आणि पाणी मुरून सर्पेंटाइन खनिज झालेलं प्रावरण. कवचाची एकूण जाडी सहा-सात किलोमीटर असली तरी रसायनाचं बरंचसं ओझं वरच्या थरांत असतं. पाण्याचा मोठा साठा मात्र सर्पेंटाइनमध्ये असू शकतो, तो विसरू नका.

वाटेत काय सुटतं आणि काय अडकून राहतं

खाली जाताना वाढत्या दाबाने बेसॉल्टचं ब्लूशिस्ट या रूपांतरित खडकात रूपांतर होतं आणि पुढे आणखी घट्ट एक्लोजाइटमध्ये. क्लोराइट, अ‍ॅम्फिबोल, लॉसोनाइट अशी पाणी धरून ठेवणारी खनिजं एकामागून एक मोडतात आणि पाणी सुटतं. कोणतं मूलद्रव्य त्या पाण्याबरोबर जाणार, हे मागे कोणतं खनिज शिल्लक राहतं त्यावर ठरतं. पुढचं सगळं वाचन या एका गोष्टीवर उभं आहे. रुटाइल नायोबियम, टँटलम आणि टायटॅनियम धरून ठेवतं. गार्नेट यटर्बियमसारखी जड विरळ मृदा मूलद्रव्यं सोडत नाही. थोरियम आणि हलकी विरळ मृदा मूलद्रव्यं अ‍ॅलॅनाइट किंवा मोनाझाइटमध्ये अडकतात. फेंजाइट अभ्रक टिकून असेल तर पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम आणि बेरियमही पूर्ण बाहेर पडत नाहीत.

साधं पाणी बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं, युरेनियम आणि बोरॉन सहज वाहून नेतं. थोरियम जवळपास नाही. थोरियम मोठ्या प्रमाणात हलवायचं तर गाळ वितळावा लागतो, किंवा पाणी इतकं तप्त आणि घट्ट व्हावं लागतं की ते द्रव खडकासारखंच वागू लागतं. म्हणून ‘पाण्याची खूण’ बेरियम/थोरियमवर वाचतात आणि ‘वितळलेल्या गाळाची खूण’ थोरियम/नायोबियमवर. नायोबियम खाली अडकलं म्हणून लाव्ह्याच्या आलेखात त्याच्या जागी खड्डा दिसतो. तो खड्डा पाचरीत काय आलं नाही ते सांगतो. काय आलं, ते नाही.

नमुना

दर ठिकाणाहून दोन-तीन किलो घ्या. प्रवाहाच्या आतल्या भागातला, न पिवळावलेला, पोकळ्यांत झिओलाइट किंवा कॅल्साइट न भरलेला दगड निवडा. मॅग्नेशियम ऑक्साइड सहा टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम, कारण खनिजं वेगळी होण्याने झालेला बदल कमी असतो आणि मूळ वितळाकडे मागे जाणं सोपं पडतं. भट्टीत तापवल्यावर होणारी वजनघट दोन टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या नमुन्याचे रुबिडियम, सिझियम आणि युरेनियमचे आकडे बाजूला ठेवा. पावसाने धुतलेला दगड हीच तीन मूलद्रव्यं आधी गमावतो, आणि अभ्यासाला लागतात तीही हीच.

चापासोबत त्याच्या मागच्या खोऱ्यातला, म्हणजे इथे मारियाना ट्रफमधला, बेसॉल्टही घ्या. स्लॅबचा हात लागण्याआधी पाचर कशी होती, याचा सगळ्यात जवळचा पुरावा तोच. त्यातही स्लॅबच्या खुणा असतात, म्हणून त्यातला सगळ्यात कमी बाधित नमुना आधाराला धरा.

प्लॅजिओक्लेजच्या मोठ्या स्फटिकांनी भरलेला दगड टाळा किंवा स्फटिकांचं प्रमाण मोजून नोंदवा. अंदमानच्या बॅरन बेटावर ही अडचण डोळ्यांना दिसते. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवरचा हा भारताचा एकमेव सक्रिय ज्वालामुखी. १९९१ नंतर तो वारंवार फुटत आला आहे. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमबहुल बेसॉल्टमध्ये कॅल्शियमने भरलेलं प्लॅजिओक्लेज साठलेलं सापडतं. प्लॅजिओक्लेज स्ट्रॉन्शियम आणि युरोपियम गोळा करतं, त्यामुळे दगडाचा स्ट्रॉन्शियम/निओडिमियम आकडा फुगतो. तो फुगवटा स्लॅबच्या पाण्याचा समजला तर पुढचं सगळं वाया जातं.

पाणी मोजायचं असेल तर दगड नको, राख आणि लॅपिली (उद्रेकात उडालेले बारीक खडे) हवी. ऑलिव्हिनच्या स्फटिकात अडकलेले काचेचे थेंब पाणी राखून ठेवतात, पण लाव्हा सावकाश थंडावला तर हायड्रोजन काही तासा-दिवसांत ऑलिव्हिनमधून झिरपून निघून जातो. सेंटिमीटरभराची लॅपिली हवेतच गोठते. जाड प्रवाहातल्या थेंबांवरून काढलेलं पाणी जवळपास नेहमी कमी भरतं.

भुकटी ते द्रावण

करवतीच्या खुणा सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासून काढा, खडे शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक पात्रात धुवा आणि वाळवा. दळताना टंगस्टन कार्बाइडचं भांडं वापरू नका. त्यातून टंगस्टन आणि कोबाल्ट उतरतंच, पण टँटलम आणि थोडं नायोबियमही उतरतं. आणि चापाच्या लाव्ह्यात नायोबियम मुळातच अर्ध्या पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) घरात असू शकतं. अ‍ॅगेटचं भांडं सावकाश दळतं, पण विश्वासाचं आहे. दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध क्वार्ट्झ दळून भांडं साफ करा.

पन्नास मिलिग्रॅम भुकटी झाकणबंद टेफ्लॉन पात्रात घ्या. संहत हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल ३:१ प्रमाणात, मिळून दोन मिलिलिटर घाला आणि १३० अंशांच्या आसपास दोन दिवस ठेवा. मग वाळवा, नायट्रिक आम्ल घालून पुन्हा वाळवा, असं दोन-तीन वेळा करा. फ्लोराइड शिल्लक राहिले तर विरळ मृदा मूलद्रव्यं आणि थोरियम त्यांच्यात बसून राहतात आणि द्रावणात कमी दिसतात. पात्राच्या तळाला पांढरट साका दिसला तर पुढे जाऊ नका. शेवटी दोन टक्के नायट्रिक आम्लात, हायड्रोफ्लोरिकच्या अगदी लवमात्र अंशासह, १०० ग्रॅम द्रावण करा. तो अंश नसेल तर नायोबियम आणि टँटलम पात्राच्या भिंतीला चिकटू लागतात.

गाळाचे नमुने या पद्धतीने पूर्ण विरघळत नाहीत. त्यातले झिरकॉन तसेच राहतात आणि झिर्कोनियम, हाफ्नियम कमी भरतात. गाळासाठी दाबपात्रात १९० अंशांवर विरघळवा किंवा लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून घ्या. बोरॉनची वाट तर पूर्ण वेगळी: हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळवताना ते उडून जाऊ शकतं, म्हणून अल्कली वितळण, आणि काचेची भांडी अजिबात नको, कारण प्रयोगशाळेच्या काचेतच बोरॉन असतं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाची भाजणी सुरुवातीला दुखतही नाही, इजा मात्र खोलवर होते. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडू नका, आणि एकट्याने तर कधीच काम करू नका.

मोजणी

आयसीपी-एमएसवर, म्हणजे आयन वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर, मोजताना ऱ्होडियम, इंडियम, बिस्मथ असे अंतर्गत मानक (यंत्राचा चढउतार दुरुस्त करण्यासाठी ठरावीक मात्रेत घातलेली मूलद्रव्यं) घाला. बीएचव्हीओ-२ हा हवाई बेटाचा मानक दगड सगळीकडे वापरतात, पण त्यात नायोबियम १८ पीपीएम आहे. त्यावर यंत्र जुळवून अर्ध्या पीपीएमचा नमुना वाचायचा म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं. सोबत जेबी-२ चालवाच. हा जपानच्या इझू-ओशिमा बेटाचा, म्हणजे खऱ्या चापाचा बेसॉल्ट आहे, आणि त्यातही नायोबियम साधारण अर्धा पीपीएमच आहे. दोन हजार पट पातळ केल्यावर द्रावणात ते पाव पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) उरतं. म्हणून आधी कोरं द्रावण, मग कमी साठ्याचे नमुने, शेवटी गाळ, असा क्रम ठेवा.

युरोपियमची एक चोरवाट आहे. बेरियम ऑक्साइडचे आयन १५१ आणि १५३ या वस्तुमानांवर, म्हणजे नेमके युरोपियमच्या जागी येतात. दगडात २०० पीपीएम बेरियम आणि एक पीपीएम युरोपियम असेल, तर ऑक्साइडचं प्रमाण हजारात एक असूनही युरोपियम तीन ते पाच टक्के जास्त दिसतं. शुद्ध बेरियमच्या द्रावणाने ही दुरुस्ती दर दिवशी मोजून करा.

समस्थानिकांसाठी स्ट्रॉन्शियम, निओडिमियम आणि शिसं रेझिनच्या स्तंभांवर वेगळं करा. स्ट्रॉन्शियमचं मानक एनबीएस-९८७ याचा आकडा ०.७१०२५ च्या जवळ यायला हवा, निओडिमियमचं मानक जेएनडीआय-१ याचा ०.५१२११५ च्या. शिशासाठी खडे आधी गरम हायड्रोक्लोरिक आम्लात धुतात. धुतलेल्या भुकटीवर मूलद्रव्यांची मात्रा मात्र मोजू नका, कारण आम्लाने ती बदललेली असते.

आता हिशेब

खाली दिलेले आकडे भूरसायनात रोज वापरले जातात. क्षीण प्रावरण (आधीच्या वितळण्यात काही मूलद्रव्यं गमावलेलं), पीपीएममध्ये: निओडिमियम ०.५८१, स्ट्रॉन्शियम ७.६६, शिसं ०.०१८, थोरियम ०.००७९, बेरियम ०.५६३, सीरियम ०.५५०, नायोबियम ०.१४८५, यटर्बियम ०.३६५. जगभरच्या बुडणाऱ्या गाळाची सरासरी: निओडिमियम २७, स्ट्रॉन्शियम ३२७, शिसं १९.९, थोरियम ६.९१, बेरियम ७७६, सीरियम ५७.३, नायोबियम ८.९४, यटर्बियम २.७६.

हजार भाग मिश्रणात गाळ फक्त तीन भाग घ्या, म्हणजे ०.३ टक्के. शिसं: प्रावरणाकडून ०.०१८ × ०.९९७ = ०.०१७९, गाळाकडून १९.९ × ०.००३ = ०.०५९७, एकूण ०.०७७६. म्हणजे मिश्रणातलं ७७ टक्के शिसं गाळाचं. तशाच रीतीने थोरियम ७२ टक्के गाळाचं, नायोबियम १५ टक्के, आणि यटर्बियम जेमतेम दोन टक्के. सीरियम/शिसं हे गुणोत्तर ३० वरून ९ वर कोसळतं. चापांच्या लाव्ह्यात ते दहाच्या खाली का असतं, ते इथे हातानेच निघालं. हजारात तीन भागांनी शिशाची मालकी बदलली आणि यटर्बियमला कळलंही नाही. म्हणून ‘पाचर किती बदलली’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. ते मूलद्रव्यागणिक द्यावं लागतं.

पुढे समस्थानिक. प्रावरणाचं निओडिमियम-१४३/१४४ ०.५१३१३ आणि गाळाचं ०.५१२१८ धरा. मिश्रणात गाळाचा निओडिमियमचा वाटा १२ टक्के, म्हणून ०.५१३१३ − ०.१२ × ०.०००९५ = साधारण ०.५१३०. मारियानाच्या लाव्ह्याला हे छान जुळतं. स्ट्रॉन्शियमसाठी प्रावरण ०.७०२६३, गाळ ०.७१७३०, वाटा ११ टक्के; उत्तर ०.७०४३. मारियानाच्या लाव्ह्यात मोजलेला आकडा मात्र ०.७०३५ च्या आसपास असतो. जुळलं नाही.

इथे थांबून कारण शोधा; गाळाचा टक्का हलवून आकडे जुळवू नका. पहिलं कारण: जागतिक सरासरीत खंडांवरून आलेला, ०.७१७ पर्यंत चढलेला गाळ मिसळलेला आहे, तर मारियानासमोर ज्वालामुखीजन्य गाळ भरपूर आणि त्याचा स्ट्रॉन्शियमचा आकडा बराच खाली आहे. स्थानिक गाळच वापरायचा, हा नियम याचसाठी. दुसरं कारण: बदललेल्या बेसॉल्टमधून निघणारं पाणी स्वतःचं पुष्कळ स्ट्रॉन्शियम आणतं, आणि त्याचा आकडा गाळाच्या आकड्यापेक्षा कमी असतो.

या पाण्याचा स्वतंत्र पुरावा बेरियम/थोरियममध्ये आहे. प्रावरणात हे गुणोत्तर ७१, या सरासरी गाळात ११२. दोन्ही कितीही मिसळा, उत्तर ११२ च्या वर जाऊच शकत नाही. मारियानातल्या गुगुआन बेटाच्या लाव्ह्यात ते कित्येक शे आहे. म्हणजे बेरियम नेणारं पण थोरियम मागे ठेवणारं तिसरं काहीतरी हवं, ते म्हणजे पाणी. त्याच चापातल्या अग्रिहान बेटाच्या लाव्ह्यात थोरियम/नायोबियम जास्त आणि बेरियम/थोरियम कमी, म्हणजे तिथे वितळलेल्या गाळाचं पारडं जड. एकाच चापावर, एकाच स्लॅबवर, दोन शेजारी वेगळा शिधा घेऊन बसलेले आहेत.

हा तर्क डोळे झाकून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या चापाला लावू नका. तिथे समोरच्या गाळातच बेरियम प्रचंड आहे, त्यामुळे बेरियम/थोरियम वर गेलं तरी ते पाण्यामुळेच, असं म्हणता येत नाही. तिथे युरेनियम/थोरियम, बोरॉन आणि समस्थानिक एकत्र वाचावे लागतात.

नायोबियमचा खड्डा म्हणजे सबडक्शन नव्हे

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं उदाहरण दाराशी मिळतं. दख्खनच्या बेसॉल्टचा सबडक्शनशी संबंध नाही. तरी बुशे शैलसमूहाच्या लाव्ह्यात स्ट्रॉन्शियम-८७/८६ ०.७१३ च्या वर जातं आणि नायोबियमचा खड्डाही दिसतो, कारण वर येताना त्या शिलारसाने खंडीय कवच पोटात घेतलं. महाबळेश्वर-पोलादपूर वाटेवरच्या घाटाचं नाव मिळालेला आंबेनळी शैलसमूह याच दख्खनचा, पण जवळपास निर्भेळ. त्यात आकडा ०.७०४ च्या आसपास राहतो. जाड खंडीय कवचावरच्या चापात, अँडीजमध्ये तर हमखास, हीच भेसळ स्लॅबची खूण म्हणून खपते. तपासायचं असं: एकाच ज्वालामुखीच्या नमुन्यांत सिलिका वाढते तसा स्ट्रॉन्शियमचा आकडाही वाढतो का? वाढत असेल तर भेसळ वरच्या कवचातली आहे. सिलिका बदलूनही आकडा स्थिर असेल तर खूण पाचरीतूनच आलेली मानता येते.

वेळेचं घड्याळ

बेरिलियम-१० वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होतं आणि समुद्राच्या गाळात उतरतं. त्याचं अर्धायुष्य १३.९ लाख वर्षं. एक कोटी वर्षांत त्याचा शंभरावा भागही उरत नाही. तरी निकाराग्वाच्या लाव्ह्यात ते ठळक सापडतं. म्हणजे अगदी वरचा, कोवळा गाळ खंदकात खरवडून न राहता खाली गेला आणि काही दशलक्ष वर्षांत परत वर आला. बेरिलियम-१० सापडलं नाही म्हणून गाळ गेला नाही, असं मात्र लिहू नका. वरचा थर खरवडला गेला असेल किंवा प्रवासच लांबला असेल.

युरेनियम-२३८ आणि थोरियम-२३० यांचं घड्याळ जलद आहे. पाणी युरेनियम पुढे नेतं, थोरियम मागे राहतं, आणि तो असमतोल थोरियम-२३० च्या सुमारे ७५ हजार वर्षांच्या अर्धायुष्यानुसार भरत जातो. मारियानासाठी १९९७ मध्ये यावरून निघालेला अंदाज असा, की पाणी सुटल्यापासून लाव्हा बाहेर पडेपर्यंत ३० हजार वर्षांहून जास्त काळ गेला नसावा. या मोजणीला नमुना तरुण हवा, उद्रेकाची तारीख ठाऊक असलेला असेल तर उत्तम. वय माहीत नसलेल्या प्रवाहावर खर्च करू नका.

शेवटची पडताळणी पाचरीच्या तुकड्यावरच करता येते. कामचाटकातल्या अवाचा ज्वालामुखीने लाव्ह्याबरोबर पेरिडोटाइटचे तुकडे वर आणलेले आहेत. पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सिलिकाने भरलेला द्रव गेला असेल तिथे ऑलिव्हिन खाल्लं जाऊन त्याच्या जागी ऑर्थोपायरॉक्सीनच्या शिरा दिसतात, आणि सोबत अ‍ॅम्फिबोल. शिरेतल्या अ‍ॅम्फिबोलवर लेझरने बेरियम, शिसं आणि नायोबियम मोजा, मग शिरेपासून दूरच्या क्लायनोपायरॉक्सीनवर तीच मोजणी करा. लाव्ह्यावरून केलेल्या हिशेबात बेरियम आणि शिसं जिथे वाढलं आणि नायोबियम जागेवर राहिलं, तोच कल या दोन मोजण्यांच्या फरकात दिसतो का, ते ताडून पाहा. वर येताना लाव्हा तुकड्यात शिरलेला असू शकतो, म्हणून कडेचे दोन-तीन मिलिमीटर मोजणीतून वगळा.